तबकडीचा दोष की कानाचा?

(गेल्या कोजागिरीला भेडाघाट येथे झालेल्या मंडळाच्या स्नेहमेळाव्यात दिलेल्या भाषणाचे लेखी रूप)



दूध आटायला अजून तासभर अवकाश आहे असे महिला मंडळाकडून कळले आहे. तेवढा वेळ भरून काढायचे काम चिटणीसांनी माझ्याकडे दिले. "तुमच्या त्या तबकड्यांविषयी काहीतरी बोला, पण फार तांत्रिक नको," असे ते म्हणाले. पहिली अट मी पाळीन. दुसरीचे मात्र वचन देत नाही.

भेडाघाटला तबकड्यांविषयी बोलणे काही अगदीच अस्थानी नाही. आपल्यापैकी अनेकांच्या नातेवाइकांना भेडाघाट ठाऊक आहे तो १९६० सालच्या 'जिस देश में गंगा बहती है' या चित्रपटामुळे. धुआँधारच्या परिसरात, या पांढऱ्या खडकांवर पद्मिनी आणि राज कपूर यांच्यावर चित्रित झालेले लताबाईंचे गाणे पुण्या-मुंबईचे पाहुणे नावेत बसल्याबरोबर गुणगुणू लागतात. नदी नर्मदा आणि चित्रपटाच्या नावात गंगा, याचे आपल्याला जरा वाईट वाटते, पण ते असो.

दुसरा धागा जरा जुना आहे. लोक ज्यांना 'काळ्या फुटक्या रेकॉर्डी' म्हणतात, त्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या असत. मंडला, शिवनी, बालाघाटच्या जंगलांत पळसावर आणि कुसुमावर जो लाखेचा किडा पोसला जातो, ज्या लाखेच्या बांगड्या आपल्या बाजारात मिळतात, तीच लाख. तबकडीत ती जेमतेम पाव-एक भाग असे. बाकी दगडाची बारीक पूड, थोडे कापसाचे तंतू आणि रंगासाठी काजळी. दुसऱ्या महायुद्धात लाखेची गरज लष्करी कामाला पडू लागली, तेव्हा १९४२ साली अमेरिकेत रेकॉर्ड कंपन्यांच्या लाखेवर निर्बंध आले. जुन्या तबकड्या गोळा करून, दळून त्यातून नव्या केल्या गेल्या. म्हणजे कुणाचे तरी गाणे कुणाच्या तरी गाण्याखाली कायमचे गाडले गेले. आपण दारूगोळ्याच्या गावचे लोक, आपल्याला हे कळायला हवे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती पहिल्या रांगेत बसलेल्या एका गृहस्थांची आहे. त्यांची परवानगी मी घेतली आहे. नाव मात्र घेणार नाही, कारण आपण सगळे त्यांना नुसते 'काका' म्हणतो. मंडळाच्या आरतीला आणि भजनाला वर्षानुवर्षे पेटीची साथ त्यांचीच.

काकांच्या वडिलांनी १९३०च्या दशकात एका नाट्यगीत-गायकाची तबकडी विकत घेतली होती. गायकाचे नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितले तर नवी आवृत्ती काढणारी कंपनी तुम्हाला लगेच कळेल, आणि मला कुणावर खटला चालवायचा नाही. चावीच्या ग्रामोफोनवर ती तबकडी काकांनी लहानपणापासून ऐकली, आणि तिच्याबरोबर पेटी वाजवतच त्यांचा हात तयार झाला. काळी एक पट्टीत ते गाणे पेटीशी जुळत असे.

काकांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या वेळी त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या सेक्शनमधल्या मित्राने, मोठ्या हौसेने त्याच गायकाच्या आठ गाण्यांची नवीन एलपी भेट दिली. परदेशात दाबून आलेली, जाड, चकचकीत तबकडी. बरोबर नवे टर्नटेबल. घरभर मंडळी जमली होती. दुसऱ्या बाजूवरचे तिसरे गाणे, काकांचे लाडके, लावले गेले. काका पेटीवर बसले, दोन ओळी वाजवल्या आणि थांबले. "अरे, हे जुळत नाहीये. आणि षड्ज हलतोय."

आधी पेटीला दोष दिला गेला. ती सुरात लावून आणली. तरीही काकांचे तेच. मग मुलाने त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेले. तिथे आलेख काढला तर वयाप्रमाणे वरच्या टोकाचे ऐकू येणे कमी झालेले निघाले. घरच्यांना तेवढे पुरे झाले. त्या वर्षी गणपतीत मुलाने फार हळुवारपणे सांगितले, "बाबा, यंदा तुम्ही आराम करा. पेटीला दुसरं कुणीतरी बसेल." काका काही बोलले नाहीत. त्या वर्षी ते आरतीला मागे, खांबाजवळ उभे असत. तुमच्यापैकी काहींना आठवत असेल.

मला हे समजले ते दिवाळीच्या फराळाला त्यांच्याकडे गेलो तेव्हा. माझी सगळी नोकरी इन्स्पेक्शनमध्ये गेली. कुणी जॉब नाकारला की मी आधी विचारतो, मोजला कशाने? काकांचे कान गेले असे घरात ठरले होते, पण तबकडी कुणीच तपासली नव्हती.

आपल्या फॅक्टरीत एखादा जॉब चुकला की आपण पहिल्यांदा काय पाहतो? ड्रॉइंग चुकले आहे, डाय चुकली आहे, की हा एकच जॉब बिघडला आहे. ड्रॉइंग चुकले असेल तर जेवढे तुकडे निघाले तेवढे सगळे चुकीचे. डाय चुकली असेल तर त्या डायमधून निघालेला लॉट चुकीचा. आणि जॉब एकटाच बिघडला असेल तर शेजारचा उचलून पाहिला की कळते. तबकडीचे तंतोतंत हेच आहे. नव्या आवृत्त्यांविषयी भांडणारे बहुतेक लोक या तिघांची गल्लत करतात, म्हणून ती कशी बनते ते थोडक्यात सांगतो.

आधी एका गुळगुळीत लेपाच्या चकतीवर आवाजाप्रमाणे थरथरणाऱ्या पात्याने खाच कापतात. टोकापासून मध्यापर्यंत ती एकच लांबलचक खाच असते. त्या चकतीवर चांदीचा अगदी पातळ थर देऊन निकेल चढवतात आणि तो थर सोलून काढतात. तो झाला उलटा साचा. त्यावरून सुलटा, आणि सुलट्यावरून पुन्हा उलटा. या शेवटच्याला स्टँपर म्हणतात, म्हणजे आपली डाय. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, असे दोन स्टँपर प्रेसमध्ये बसवतात. मध्ये प्लास्टिकचा गरम गोळा आणि त्याच्या वर-खाली लेबले. लेबल डिंकाने चिकटवलेले नसते, ते गोळ्याबरोबरच दाबले जाते. वाफेने तापवून सुमारे शंभर टनांचा दाब द्यायचा, लगेच थंड पाण्याने गार करायचे, कडेचे जास्तीचे प्लास्टिक कापायचे. अर्ध्या मिनिटात तबकडी बाहेर. एका स्टँपरमधून साधारण हजारभर निघतात, मग तो झिजतो.

आता या एवढ्या प्रवासात कुठे काय बिघडते ते पाहा. प्लास्टिक पुरेसे तापले नाही किंवा दाब अपुरा पडला तर खाचेच्या भिंती पूर्ण भरत नाहीत. ऐकताना कापड फाडल्यासारखा 'फर्र' असा आवाज येतो, बहुधा एकाच बाजूच्या स्पीकरमधून. लोक त्याला धूळ समजून तबकडी पुसत बसतात. कितीही पुसली तरी तो जात नाही, कारण तिथे काही साचलेले नाही, उलट जे असायला हवे तेच नाही. घाईने गार केली किंवा गरम असतानाच चळत लावली तर तबकडी वाकते. बशीसारखी वाकली असेल तर सुई सहसा सांभाळून घेते, पण कडेला एकाच जागी उंचवटा असेल तर उडी मारते. वाफेचा बुडबुडा राहिला तर वर फोड दिसतो आणि तेवढ्या दोन-चार फेऱ्यांत 'टक्, टक्' येते. लेबलांची अदलाबदल होते, कव्हरवर पहिली बाजू म्हणून छापलेली गाणी दुसऱ्या बाजूला निघतात. हा दोष मात्र मला आवडतो. त्याने गाण्याचे काही बिघडत नाही आणि पाहुण्यांना सांगायला एक गंमत राहते.

पाहायची पद्धत सोपी आहे. वरून पडणाऱ्या उजेडात काही दिसत नाही, तबकडी तिरप्या उजेडात धरायची. आज रात्री हे खडक पाहा. दुपारी नुसते पांढरे दिसतात, आणि चंद्र कलला की प्रत्येक भेग, प्रत्येक थर उमटतो. तसेच.

काकांची एलपी मी तशी धरून पाहिली. पृष्ठभाग स्वच्छ. मग लावली आणि ऐकण्याऐवजी नुसती पाहत बसलो. सुईची दांडी ज्या बाजूला हळूहळू सरकायला हवी, त्या बाजूला सरकता सरकता डावी-उजवीकडे झोके घेत होती. एका फेरीला एक झोका. लेथच्या चकमध्ये जॉब एक सूत बाजूला बसला की डायल गेजचा काटा कसा झुलतो, तसाच. म्हणजे रनआउट! खाचेच्या वर्तुळाचे केंद्र एकीकडे आणि मधले भोक दुसरीकडे. झोका मी मोजला, सुमारे दोन मिलिमीटर. म्हणजे केंद्र एक मिलिमीटर सरकलेले.

एक मिलिमीटर म्हणजे काय मोठेसे, असे तुम्ही म्हणाल. हिशेब करू. कडेजवळ खाच केंद्रापासून साडेचौदा सेंटीमीटरवर असते. तिथे एक मिलिमीटर म्हणजे पाऊण टक्क्याहून कमी चढ-उतार. पण बाजू संपत येते तेव्हा खाच केंद्रापासून सहा सेंटीमीटरवर येते, आणि तिथे तोच मिलिमीटर दीड टक्क्याच्या वर जातो. पेटीच्या एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंतचे अंतर साधारण सहा टक्क्यांचे असते. म्हणजे स्वर वर-खाली मिळून अर्ध्या पट्टीहून अधिक हेलकावतो, दर १.८ सेकंदाला एकदा. ढोलकीच्या गाण्यात, बँडच्या गाण्यात ते खपून जाते. पण आपल्याकडे गायक षड्जावर थांबतो. तंबोरा तर थांबलेलाच असतो. तिथे हा झोका लपत नाही. काका म्हणाले होते तेच शब्द, षड्ज हलतोय. आणि तो शेवटाकडे जास्त हलतो, म्हणून तिसऱ्या-चौथ्या गाण्यातच त्यांना टोचला.

पहिली बाजू मात्र ठीक होती. मित्र म्हणाला, "भोक एकच, मग एक बाजू बरोबर आणि दुसरी चूक, असं कसं?" कारण दोन्ही बाजूंचे स्टँपर वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाचे केंद्र वेगळे धरून पाडलेले असते. दुसऱ्या बाजूची डाय चुकली होती. माझ्या या म्हणण्याची परीक्षाही लवकरच झाली. दुकानदाराने कुरकुर न करता दुसरी प्रत बदलून दिली. तिच्यातही दुसऱ्या बाजूला तेवढाच झोका! शेवटच्या गाण्यानंतर लेबलाभोवती जी मोकळी पट्टी असते, तिथे आकडे कोरलेले असतात. भिंगातून पाहिले तर दोन्ही प्रतींवर एकच खूण. एकाच डायचे तुकडे. तेव्हा जुनी किंवा नवी तबकडी घेताना कव्हरवरची चित्रे नंतर पाहा, आधी ते कोरलेले आकडे पाहा. एकाच नावाच्या, एकाच कव्हरच्या दोन प्रती वेगवेगळ्या साच्यांतल्या असू शकतात, आणि एक वाईट निघाली म्हणून दुसरीही वाईटच असेल असे नाही. इथे मात्र तसे झाले खरे.

पण काकांची निम्मी तक्रार अजून शिल्लक होती. पेटीशी जुळत नाही, ती. केंद्र सरकल्याने सूर हलेल, पण सरासरीने तो जागेवर राहील. काका म्हणत होते की गाणेच मुळी दोन पट्ट्यांच्या मध्ये बसले आहे.

इथे मी जरा सावध झालो. वेग तपासण्यासाठी कागदाची एक चकती मिळते, तिच्यावर कडेने रेघा असतात. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. त्या उजेडात ३३⅓ फेऱ्यांसाठी १८० रेघांचे आणि ७८ फेऱ्यांसाठी ७७ रेघांचे वर्तुळ स्थिर दिसले पाहिजे. पुढे पळाले तर वेग जास्त, मागे सरकले तर कमी. (जुनी चोकची ट्यूब किंवा साधा बल्ब घ्या. नव्या एलईडी दिव्याखाली बहुतेक वेळा रेघा दिसतच नाहीत, आणि मग लोक चकतीला शिव्या देतात.) नवे टर्नटेबल अचूक होते. आता काकांचा चावीचा ग्रामोफोन. त्याला वेग कमी-जास्त करायचा स्क्रू असतो. माझ्या मनात आले, काकांच्या वडिलांनी तो स्क्रू पेटीशी जुळेल असाच फिरवून ठेवला असला तर? मग काका ज्याला बरोबर म्हणतात तो त्यांच्या घरच्या यंत्राचा सूर, गायकाचा नव्हे.

तपासले. पूर्ण चावी दिल्यावर रेघा जवळजवळ स्थिर राहिल्या. स्क्रू निर्दोष सुटला. तरीही तेवढ्याने सिद्ध होत नाही. त्या काळी सगळ्याच तबकड्या नेमक्या ७८ ला ध्वनिमुद्रित होत असे नाही, थोडा फरक चालत असे. त्या काळच्या पेट्याही आजच्या पट्टीशी काटेकोर जुळतील असे नाही. म्हणून मी एलपीलाच साक्षीदार केले. आठ गाणी होती. सहा गाण्यांत गायकाचा षड्ज काळी एकच्या आसपास लागत होता. उरलेली दोन, काकांचे लाडके आणि त्याच्या पुढचे, त्याहून वर, पांढरी दोनकडे निम्मी वाट चालून गेलेली. आणि ही दोन गाणी मूळ एकाच ७८च्या तबकडीच्या दोन बाजू होत्या! गायकाने फक्त त्या एका तबकडीपुरती अर्धी पट्टी चढवली, असे कुणी म्हणू शकेल. पण त्याच तबकडीची मूळ प्रत आमच्यासमोर होती आणि ती काळी एकला वाजत होती. टर्नटेबलचा वेग मी अडीच टक्क्यांनी उतरवला तेव्हा दोन्ही एकत्र आले. नवी आवृत्ती करताना मूळ ७८ची तबकडी कुणीतरी ८० च्या आसपास फिरवून उतरवून घेतली असावी.

हा दोष ड्रॉइंगचा. जगातल्या कुठल्याही दुकानातून कितीही प्रती बदलून आणा, तो तसाच राहणार. डॉक्टरांच्या आलेखात दिसलेली वरच्या टोकाची उणीव खरी होती, पण तिचा सूर ओळखण्याशी काही संबंध नव्हता. सुरांची पट्टी त्या टोकाच्या फार खाली असते.

मित्र बराच वेळ गप्प बसला. मग आत गेला आणि पेटी बाहेर आणून काकांसमोर ठेवली. त्यांच्यात काय बोलणे झाले ते मी ऐकले नाही. वहिनींनी मला चिवडा दाखवण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात बोलावून घेतले होते.

पण गोष्ट इथे संपली असती तर 'जुने ते सोने' म्हणून तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या, आणि ते अर्धसत्य झाले असते. काकांची मूळ तबकडी मी भिंगाखाली धरली. जिथे गायक जोरदार तान घेतो तिथल्या खाचा राखाडी पडलेल्या. पोलादी सुई दर बाजूला बदलायची असते, आणि आपल्या घरांत ती किती वेळा बदलली जायची ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. ऐंशी-नव्वद वर्षांत त्या तानेचा चुरा झाला होता. तिथे नुसती खरखर आणि मध्ये कुठेतरी आवाज. नव्या एलपीसाठी ज्याची कुणाची प्रत वापरली होती ती चांगली जपलेली होती. वेग उतरवून ती तान आम्ही काकांना ऐकवली. त्यांनी दुसऱ्यांदा लावायला सांगितली. मग तिसऱ्यांदा. म्हणाले, "या तानेत एवढे स्वर आहेत, हे मला आज कळलं. मी आपला जन्मभर तिथं पेटीवर नुसता भाता हलवत होतो."

तेव्हा नवी आवृत्ती नेहमी वाईट असते असे माझे मत नाही. सदोष एलपीतसुद्धा मूळ तबकडीत हरवलेली वस्तू सापडू शकते. तुलना करायची तर दोन्हींचा आवाज सारखा ठेवून करा. जी मोठ्याने वाजते ती आपल्याला चांगली वाटते, ही कानाची खोड आहे. खरखर कमी केलेली असेल तर तंबोऱ्याकडे लक्ष द्या. जवारी बोथट झाली असेल तर सालाबरोबर गरही गेला असे समजा. मूळ मोनो ध्वनिमुद्रणाला दोन बाजूंना पांगवून स्टीरिओ म्हणून विकण्याचीही एक काळी पद्धत होती. त्यात आवाज नाहल्यासारखा, दूर गेलेला वाटतो. माझा सल्ला, त्या वाटेला जाऊ नका, साधा मोनो बरा. आणि अगदी जुन्या, कर्ण्यासमोर गाऊन घेतलेल्या ध्वनिमुद्रणांत शेवटी गायक स्वतःचे नाव सांगतो. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांच्यापासून ही प्रथा ऐकू येते. तबकड्या दाबायला तेव्हा जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कामगाराला कुठले लेबल लावायचे ते कळावे म्हणून ही सोय. म्हणजे ती इन्स्पेक्शनचीच नोंद म्हणायची! कित्येक नव्या आवृत्त्यांत ती छाटलेली असते. मला तो फार मोठा दोष वाटतो. माझ्या मुलाला वाटत नाही.

गीतरामायणाचेही सांगायला हवे, कारण मंडळात त्यावरून दरवर्षी वाद होतो. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ५६ गीते प्रसारित झाली तेव्हा ती वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली होती. तबकड्यांचा संच आपण ऐकतो तो एकट्या बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या आवाजातला. "माझ्या आईने ऐकलेले हे नव्हे," असे कुणी म्हणाले तर तबकडीत दोष नाही आणि त्या आईच्या आठवणीतही नाही. ती दोन वेगळी गायने आहेत.

आता घरच्या सावधगिरीचे चार शब्द. दोष काढण्याआधी आपली सुई तपासा. झिजलेली सुई चांगल्या तबकडीला सदोष ठरवते आणि नंतर खरोखरच सदोष करते. ७८च्या खाचा एलपीच्या दुपटी-तिपटीने रुंद असतात. एलपीच्या सुईने त्या वाजवल्या तर सुई तळाला घासत जाते आणि खरखर वाढते. चावीच्या ग्रामोफोनवर एलपी कधीही लावू नका, माझ्या धाकट्या भावाने १९७३ साली एकदा लावली होती, पुढचे सांगत नाही. लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा सेंट लावलेला बोळा लावू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, सुतारांना विचारा. तबकड्या उभ्या ठेवा, आडव्या चळतीत नाही, आणि जबलपूरच्या मे महिन्यात गच्चीखालच्या माळ्यावर तर मुळीच नाही.

विकण्याची घाई मात्र करू नका. आजोबा गेले की त्यांच्या तबकड्या गुरंदीत किलोवर जातात, हे मी पाहिले आहे. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था या विषयावर काम करीत आली आहे. डॉ. सुरेश चांदवणकर आणि ऑस्ट्रेलियाचे मायकेल किनियर यांच्यासारख्यांनी कुठली तबकडी केव्हा, कुठे, कुठल्या आकड्याने निघाली याच्या नोंदी करून ठेवल्या आहेत. नवी आवृत्ती काढायची तर कुणाच्या तरी घरातली चांगली प्रतच लागते. ती तान जपलेली प्रतही कुणाच्या तरी कपाटातूनच आली होती. आता तर २०२४ साली नवी मुंबईत तबकड्या दाबण्याचा कारखाना पुन्हा सुरू झाला आहे. म्हणजे आपल्या देशात नव्याने चुका करायची आणि त्या सुधारायचीही सोय झाली आहे.

काकांच्या एलपीचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. पैसे परत मिळत होते. काकांनी ते घेऊ दिले नाहीत, म्हणाले, "ती तान परत द्यायची नाही." मग मी घरी हँड रीमरने तबकडीचे भोक चारी बाजूंनी जरासे मोठे केले. मित्राचा जीव वर-खाली होत होता. आता तबकडी खुंटीवर सैल बसते. आधी लावायची, दांडीचा झोका पाहायचा, उचलून हलक्या बोटाने केसभर सरकवायची, पुन्हा पाहायची. तीन-चार प्रयत्नांत झोका थांबतो. पूर्वी ठीक असलेल्या पहिल्या बाजूलाही आता हे करावे लागते, एवढी त्याची किंमत. वेगाची कळ अडीच टक्के खाली, फक्त शेवटच्या दोन गाण्यांपुरती.

टर्नटेबल मी आज बरोबर आणले आहे आणि काकांची पेटीही आली आहे. तबकडी मुद्दाम सरकलेली ठेवून सुरू करतो आणि मग जागेवर आणतो. मागच्या मंडळींनी कृपया पंखे बंद करावेत. काका, षड्ज स्थिर झाला की हात वर करा.